पायरीवाचन उपक्रमाची समन्वयक

कॉलेजात ग्रंथपालाला काम नसतं, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. बाकी सगळ्यांना ते माझ्या आधीपासून माहीत होतं. प्राध्यापक तास घेतात, क्लार्क फी घेतो, शिपाई घंटा वाजवतो; ग्रंथपाल बाई खुर्चीत बसतात आणि त्यांच्या मागं पुस्तकं असतात. त्यामुळे कॉलेजात जे जे काम कोणाचंच नसायचं ते चालत चालत ग्रंथालयाच्या दारात यायचं. वृक्षारोपण माझ्याकडे. माजी विद्यार्थी मेळावा माझ्याकडे. रांगोळी स्पर्धेच्या परीक्षकांना आणायला गाडी पाठवणं माझ्याकडे. एकदा कॉलेजच्या बोअरची मोटर जळाली, तेव्हा तिची तक्रारही मीच लिहिली, कारण प्राचार्यांच्या मते माझी भाषा चांगली होती.

कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गेवराई तालुक्यातलं आहे एवढं पुरे. नाव नसलं तरी मराठवाड्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या माणसाला ते आपलंच वाटेल आणि तो माझ्यावर रागावणार नाही, फार तर शेजारच्या कॉलेजकडे बोट दाखवील.

काम नसलेली ही बाई दिवसभर काय करायची ते थोडक्यात सांगते. नवं पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक द्यायचा. ही त्याची जन्मनोंद. मग विषय बघून पाठीवर एक आकडा चिकटवायचा. हा त्याचा पत्ता. त्या पत्त्यावर ते कायम राहिलं पाहिजे. वाचकानं शेळीपालनाचं पुस्तक काढलं आणि परत ठेवताना व्याकरणात खुपसलं, की ते हरवल्यातच जमा. चोरीला गेलेलं पुस्तक निदान कोणीतरी वाचत तरी असतं. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक डोळ्यांसमोर असून कोणाच्याच कामाचं राहत नाही. म्हणून ग्रंथपालाचं निम्मं आयुष्य पुस्तकं जिथल्या तिथं लावण्यात जातं. हे काम झालं तर दिसत नाही आणि नाही झालं तर सगळ्यांना दिसतं, म्हणजे जवळपास घरकामासारखंच.

माझ्या मदतीला शेख रऊफभाई होते. ग्रंथालय परिचर हे त्यांचं पद. घरचा फळांचा गाडा भाऊ बघायचा, पण आंबा हातात घेऊन तो किती दिवसांत पिकेल ते सांगायची सवय रऊफभाईंची गेली नव्हती. पुस्तकंही ते तशीच हातात घेऊन बघायचे आणि किती दिवसांत फाटेल ते सांगायचे. प्राचार्यांच्या केबिनमधून चिठ्ठी आली की ते माझ्या टेबलावर ठेवून एवढंच म्हणायचे, "अर्जंट हाय." अर्जंट नसलेली चिठ्ठी मी नोकरीत पाहिली नाही.

आता ज्या वर्षाची गोष्ट सांगायची आहे ते कॉलेजच्या मूल्यांकनाचं वर्ष. काही वर्षांनी एक समिती येते, कॉलेज तपासते आणि श्रेणी देते. समिती येणार म्हटल्यावर कॉलेजात लग्नघर होतं. भिंतींना रंग लागतो, नळांना पाणी येतं, बंद पडलेल्या घड्याळांत सेल पडतात. आमच्या प्राचार्यांचा उत्साह तर बघण्यासारखा होता. माणूस वाईट नव्हता. फक्त काम होण्यापेक्षा काम दिसण्यावर त्यांचा फार जीव होता. कॅमेरा दिसला की त्यांच्या हातात आपोआप कुदळ यायची.

त्यांनी मला बोलावून तीन गोष्टी सांगितल्या. सगळ्या पुस्तकांना बारकोड लावायचे. माझ्याकडच्या सगळ्या समित्यांच्या फायली अद्ययावत करायच्या. आणि समिती येईपर्यंत ग्रंथालय चकाचक दिसलं पाहिजे. मी म्हणाले, सर, माणसं दोन आहेत. त्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि मला वेळेच्या व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला पाठवलं.

प्रशिक्षण संभाजीनगरला एका हॉटेलात होतं. वेळेचं महत्त्व शिकवणारे प्रशिक्षक पुण्याहून येणार होते आणि ते दुपारच्या जेवणाच्या सुमाराला पोचले. आल्या आल्या त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावले. मग कागदावर चार चौकोन काढायला सांगितले: तातडीचं आणि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण तातडीचं नसलेलं, आणि असेच आणखी दोन. आपापली कामं त्यात भरायची. माझा पहिला चौकोन भरून बाहेर वाहायला लागला आणि बाकीचे तीन कोरे राहिले. प्रशिक्षक माझ्या कागदाकडे बघून म्हणाले की तुम्ही नाही म्हणायला शिकलं पाहिजे. प्राचार्यांना नाही कसं म्हणायचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, हसून.

त्यानंतरच्या सत्राचा विषय होता कामाच्या वेळी फोन कसा दूर ठेवावा. ते सत्र मला ऐकता आलं नाही, कारण प्राचार्यांचा फोन आला. वृक्षारोपणाची फाईल कुठल्या कपाटात आहे, ते रऊफभाईंना फोनवरून सांगण्यात माझी दुपार व्हरांड्यात गेली. परत आल्यावर प्रशिक्षणामुळे माझा वेळ किती वाचला याचा अहवाल सादर करायचा होता. तो लिहिण्यात आणखी दोन दिवस गेले. प्रमाणपत्र मात्र छान होतं. रऊफभाईंनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, आपल्याकडं टाइमच न्हाई, तर मॅनेज काय करायचा?"

बारकोडचं काम एका एजन्सीला दिलं होतं. मी प्राचार्यांना सुचवलं की एकेक रॅक घेऊ, सकाळी काम करू आणि दुपारी वाचनकक्ष उघडा ठेवू. त्यांना ते पटलं नाही. थोडं थोडं केलं तर काम चाललंय हे दिसणार कसं, असं त्यांचं म्हणणं. ग्रंथालय पूर्ण बंद ठेवा, मोठा फलक लावा, समितीला फोटो दाखवता येतील. वाचकांचं काय, या माझ्या प्रश्नावर ते म्हणाले, "कोण वाचक? आपली मुलं येतात का? बाहेरचेच तर बसलेले असतात."

यात दुर्दैवानं तथ्य होतं. कॉलेजची मुलं ग्रंथालयात परीक्षेच्या आधी यायची आणि पंख्याखाली झोपायची. रोज येऊन खरोखर वाचणारे होते ते भरतीच्या परीक्षेची तयारी करणारे. पोलीस, तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेविका. बहुतेक जण आमचेच जुने विद्यार्थी, पण नाव हजेरीपटावर नाही म्हणजे बाहेरचे.

त्यांतली एक अनिता. चकलांब्याची. तिशी ओलांडलेली, एका मुलीची आई. घरातली सगळी माणसं दसऱ्यानंतर ऊसतोडीला पश्चिमेकडं जायची. लग्न झाल्यापासून तीही नवऱ्याबरोबर जात होती. तोडीला नवराबायकोची जोडी धरतात, तिला एक कोयता म्हणतात. त्या वर्षी ती भरतीसाठी पहिल्यांदाच मागं राहिली होती, त्यामुळे नवरा अर्धा कोयता म्हणून गेला होता आणि सासू जाता जाता चार गोष्टी ऐकवून गेली होती. यंदा जमलं नाही तर पुढच्या हंगामाला मुकाट्यानं ट्रॅक्टरमध्ये बसायचं, असं घरात ठरलं होतं. मुलीला शाळेत सोडून ती एसटीनं यायची आणि शाळा सुटायच्या आत पोचवणाऱ्या एसटीनं परत जायची. दोन एसट्यांच्या मधला वेळ तिचा. त्यात ती पाणी प्यायलाही फारशी उठत नसे. चार चौकोन काढून वेळ सांभाळायला शिकवणाऱ्यांनी एकदा तिच्या शेजारी बसून बघायला हवं होतं.

बंदचा फलक लागला त्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आली. फलकावर खाली सही माझीच होती.

"मॅडम, आज बंद हाय का?"

आज नाही, महिनाभर, असं मी सांगितलं. बारकोड म्हणजे काय तेही सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मग मी कुठं बसू?"

घरी बस म्हणणं सोपं होतं, पण तिचं घर मला माहीत होतं: पत्र्याची एक खोली, आणि बाई घरी दिसली की तिला कामाला हाक मारणारी अख्खी गल्ली. ती थोडा वेळ उभी राहिली, मग ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसली आणि पिशवीतून वही काढून वाचायला लागली. परतीच्या एसटीची वेळ झाल्यावर उठून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसली, आणि तिच्यासोबत पोलीस भरतीची तयारी करणारे दोघे जण होते. आठवड्याभरात पायऱ्या भरल्या. रऊफभाईंनी गॅदरिंगच्या सतरंज्या आणून टाकल्या. मागितलेलं पुस्तक मी खिडकीतून द्यायला लागले. ग्रंथालय बंद आहे या फलकाखाली ग्रंथालय सुरू झालं.

माझे वडील तलवाड्याचे. आमच्या बुद्धविहारात पुस्तकांचं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली वडिलांकडे असायची. कोणीही, कुठल्याही वेळी किल्ली मागितली तर जेवत्या ताटावरून उठून ती द्यायची, अशी आम्हा मुलांना त्यांची ताकीद होती. आई वैतागायची. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. नोकरीत मात्र दर दोन वर्षांनी एखादा साहेब कपाटाला कुलूप लावायला सांगायचा आणि मग वडिलांची ताकीद आठवायची.

तिकडे आत एजन्सीची पोरं भराभर स्टिकर चिकटवत होती. कामाचा वेग बघून प्राचार्य खूश. काम संपवून पोरं दुसऱ्या कॉलेजला गेली, तेव्हा मी सहज एक पुस्तक मशीनखाली धरलं. शेळीपालनाचं होतं. पडद्यावर नाव उमटलं मुहूर्तशास्त्राचं. राज्यघटनेचं धरलं, तर लोणची आणि मुरंबे. कुठंतरी सुरुवातीला एक स्टिकर वगळला गेला होता, आणि तिथून पुढच्या प्रत्येक पुस्तकाला दाखल यादीतल्या शेजाऱ्याचं ओळखपत्र मिळालं होतं. एजन्सीचा फोन बंद. मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, समिती काय एकेक पुस्तक स्कॅन करत बसणार आहे का?"

समिती करणार नव्हती, हे खरं होतं. पण समिती गेल्यावर ती पुस्तकं माझ्याकडेच राहणार होती. नोंदी अशाच राहिल्या असत्या तर आयुष्यभर लावलेलं ग्रंथालय एका महिन्यात हरवलं असतं, आणि तेही सुंदर स्टिकर लावून.

त्या संध्याकाळी मी टेबलावरच्या सगळ्या अर्जंट चिठ्ठ्या एकत्र केल्या. वृक्षारोपणाची जिवंत झाडांची माहिती, माजी विद्यार्थ्यांची मनोगतं, स्वच्छता पंधरवड्याचा अहवाल, असं बरंच काही. सगळ्यांना हो सर म्हणून झालेलं होतं. ते सगळं मी खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ड्रॉवर लावून टाकला. प्रशिक्षकांनी हसून नाही म्हणायला सांगितलं होतं. पण आपल्याकडे नाही म्हणण्यापेक्षा हो म्हणून न करणं जास्त रीतीला धरून आहे. गंमत म्हणजे त्या ड्रॉवरमधल्या एकाही कामाबद्दल मला पुढे कोणी विचारलं नाही. ज्या कामांनी माझी इतकी वर्षं खाल्ली, ती न केल्यानं कॉलेजचं एक कौलही हललं नाही. याचा आनंद मानावा की रडावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग आम्ही दोघं स्टिकर काढायला बसलो. सगळी पुस्तकं समितीच्या आधी होणं शक्यच नव्हतं, म्हणून ज्यांना रोज हात लागतो ती आधी घ्यायची ठरवली. खिडकीतून हे बघून अनिता म्हणाली, "मॅडम, आमी लावू लागू का? सगळे मिळून लवकर व्हईल."

मी नाही म्हणाले. तुझा वेळ परीक्षेचा आहे, तो इथं घालवू नकोस. ती जराशी हिरमुसली. मग म्हणाली, "मग भरतीच्या रॅकापासून तरी सुरू करा." तिथूनच सुरू केलं.

समितीच्या तारखेआधी प्राचार्यांचं लक्ष पायऱ्यांकडे गेलं. एवढी माणसं दारात बसलेली बघून समितीला काय वाटेल, म्हणून ते काळजीत पडले. वाचनकक्ष तयार आहे, त्यांना आत बसवू, असं मी म्हणाले. आतली फरशी नुकतीच पुसलीय, ती खराब होईल, असं त्यांचं उत्तर. समितीच्या दिवशी एकानंही पायऱ्यांवर दिसायचं नाही, असं रऊफभाईंना सांगण्यात आलं. रऊफभाईंनी ते सगळ्यांना सांगितलंही. पण समिती एक दिवस आधीच गावात उतरली आणि सहज चक्कर मारू म्हणून चालत कॉलेजात आली.

समितीचे अध्यक्ष परराज्यातले होते. मराठी त्यांना कळत नव्हतं. पायऱ्यांवर, कडुलिंबाच्या सावलीत माना खाली घालून वाचणारी माणसं बघून ते थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही भाव आला की प्राचार्य धावतच तिथं पोचले. अध्यक्षांनी पुढच्याच पायरीवर बसलेल्या अनिताला हिंदीत विचारलं, इथं का बसलात?

अनिता उठून उभी राहिली. "आतून बंद केलंय म्हणून बसलोत साहेब. उघडलं तर आत बसू."

अध्यक्षांनी प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्यांनी भाषांतर केलं की हिला निसर्गाच्या सान्निध्यात वाचायला आवडतं, आणि हा आमचा उपक्रम आहे.

मला राहवलं नाही. मी पुढे होऊन हिंदीत म्हणाले, साहेब, तसं नाही, दरवाजा बंद आहे म्हणून हे लोक बाहेर आहेत. अध्यक्षांचे डोळे चमकले. ते आपल्या सहकाऱ्याकडे वळून म्हणाले, "बिना दरवाजे की लायब्ररी. क्या सोच है." सहकाऱ्यानं ते लिहून घेतलं. खरं दोन भाषांत सांगून झालं होतं, तिसरी मला येत नव्हती.

श्रेणी चांगली मिळाली. अहवालात पायऱ्यांवरच्या वाचनाचं खास कौतुक होतं. आणि त्या कौतुकाच्या पाठोपाठ माझ्या टेबलावर पत्र आलं: 'पायरीवाचन' हा कॉलेजचा कायमस्वरूपी उपक्रम, समन्वयक ग्रंथपाल. दर शनिवारी फोटो. एवढ्यावर थांबलं असतं तरी मी आणखी एक ड्रॉवर शोधला असता. पण पत्राच्या शेवटी एक ओळ होती. वाचक आता पायऱ्यांवर बसत असल्यानं वाचनकक्षाची आवश्यकता उरलेली नाही, सबब तो बैठकांसाठी सभाकक्ष म्हणून वापरला जाईल.

मी पत्र अनिताला दाखवलं. तिनं ते दोनदा वाचलं. परीक्षा मे महिन्यात होती. आमच्याकडे होळी झाली की पायऱ्यांचा दगड तव्यासारखा तापतो आणि लिंबाची सावली भलतीकडे सरकते. ती म्हणाली, "मॅडम, आमी त्यादिशी गपचिप घरी बसाया पायजे व्हतं. पायरीवर बसलो म्हणून खोली गेली." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता थकवा होता. तो मला जास्त लागला.

मी प्राचार्यांना भेटले. ते म्हणाले की समितीनं गौरवलेला उपक्रम आपण कसा मोडायचा, पुढच्या वेळी काय दाखवायचं? मग मी विचार केला की समन्वयक मी आहे, तर समन्वय करू.

उपक्रमाचं रीतसर उद्घाटन व्हायला हवं, असं मी सुचवलं. प्राचार्यांना ते फारच आवडलं. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांना बोलवायचं ठरलं. कार्यक्रमाची आखणी माझ्याकडेच होती. मी वेळ ठेवली दुपारची, कारण वाचक त्याच वेळेला असतात. मंडप ठेवला नाही, कारण समितीनं कौतुक केलं होतं ते मोकळ्या आकाशाचं. खुर्च्या ठेवल्या नाहीत, कारण उपक्रम पायऱ्यांचा होता. उद्घाटन म्हणजे फीत कापणं नव्हे, तर मान्यवरांनी वाचकांसोबत पायरीवर बसून तासभर वाचायचं, असं मी पत्रिकेत छापलं. प्राचार्यांनी सही करताना 'अभिनव' असा शब्द स्वतःच्या हातानं वाढवला.

अध्यक्षसाहेब म्हातारे, कडक इस्त्रीतले, तालुक्याच्या राजकारणात मुरलेले. हारतुरे झाले आणि ते पायरीवर बसले. बसले आणि अर्धे उठले. पुन्हा बसले. रऊफभाई सतरंजी आणायला निघाले होते, त्यांना मी डोळ्यानंच थांबवलं. प्राचार्य शेजारी बसले, त्यांच्या मागे सगळे प्राध्यापक. प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक. कॅमेरावाला फोटो काढून सावलीला गेला. थोड्याच वेळात साहेबांच्या कपाळावरून घाम पुस्तकाच्या पानावर पडायला लागला. अनिता त्यांच्या खालच्याच पायरीवर होती. डोक्यावर पदर ओढून ती खरोखरच वाचत होती, कारण तिची एसटीची वेळ जवळ येत होती.

साहेबांनी तिला विचारलं, "बाई, तुमी रोजच बसता का इथं?"

"व्हय साहेब."

"एवढ्या उन्हात? कावून?"

अनितानं मान वर केली. या वेळी भाषांतराची गरज नव्हती. "आत बसायची खोली हाय साहेब, पंखे बी हायेत. पण ती मिटिंगला दिली. मला दुसरं काई नको, परीक्षा व्हईस्तोवर आत बसू द्या. न्हाई तर मला पुढल्या हंगामाला कोयत्यावर जावं लागंल."

साहेबांनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी मान वळवून प्राचार्यांकडे बघितलं. सगळ्या स्टाफसमोर, अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "आत पंखे हायेत, अन् तू मला इथं कावून भाजायलाय बे?"

वाचनकक्ष त्याच दुपारी उघडला. पहिले आत गेले अध्यक्षसाहेब, त्यांच्या मागे प्राध्यापक. वाचकांना बसायला जागा मिळेपर्यंत थोडा वेळ गेला, पण मिळाली. सभाकक्षाचा विषय नंतर कोणी काढला नाही. प्राचार्यांनी पुढचे काही महिने माझ्याशी फक्त चिठ्ठीतून बोलणं ठेवलं, त्यामुळे माझा बराच वेळ वाचला. पायरीवाचन उपक्रम मात्र कागदावर चालू राहिला. उद्घाटनाचा फोटो दर वर्षी अहवालात जायचा. फोटोत साहेबांचा चेहरा चिंतनमग्न दिसतो.

अनिताचं त्या वर्षी झालं नाही. थोडक्यात हुकलं. ठरल्याप्रमाणे दसऱ्यानंतर ती ट्रॅक्टरमध्ये बसून गेली. जाण्याआधी तिनं दोन पुस्तकं मागितली. तोडीच्या मुलखात पुस्तक जाणं नियमात बसत नव्हतं, पण नियम माझ्याकडेच असल्यानं मी ते बसवलं. हंगाम संपल्यावर दोन्ही पुस्तकं परत आली. पानांना उसाच्या पाचटाचा वास होता आणि एक कोपरा चुलीच्या धगीनं पिवळा पडला होता. रऊफभाईंनी ती हातात घेतली, नेहमीप्रमाणे उलटून पाहिली आणि किती दिवसांत फाटतील ते न सांगता रॅकमध्ये ठेवून दिली. पुढच्या भरतीत अनिता तलाठी झाली. नेमणूक आष्टी तालुक्यात मिळाली.

माझी निवृत्ती जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. एका दुपारी ती पेढे घेऊन आली. अंगावर बरी साडी, खांद्याला पर्स, बरोबर मुलगी. तिनं मला वाकून नमस्कार केला, रऊफभाईंना पेढा भरवला आणि वाचनकक्षात आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली. मुलगी रॅकमधून हिंडायला लागली. मला बरं वाटलं. परीक्षेचा ससेमिरा सुटलाय, आता काय वाचतेस, असं मी विचारलं. ग्रंथपालानं विचारायचा तो प्रश्न मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणाला तरी विचारायला मिळाला होता.

ती ओशाळून हसली. "आता कुठं मॅडम. तीन गावांचा चार्ज हाय. पंचनामे, मतदार याद्या, वर अजून ते ॲपवर भरायचं." बोलता बोलता तिचा फोन वाजत होता. तहसीलच्या ग्रुपवर एकामागून एक निरोप येत होते. तिनं ते वाचले आणि तिचा चेहरा बदलला. मला तो चेहरा ओळखीचा होता, फक्त आजवर तो मी आरशात बघत आले होते.

"मॅडम, एक माहिती आजच्या आज पाठवायची हाय. इथं बसून भरू का?"

मी म्हणाले, भर. ती फोनवर वाकून भरायला लागली. मुलीनं एक जाड चित्रांचं पुस्तक काढून आणलं होतं आणि ते आईला दाखवायला ती टेबलाशी उभी होती. थांब जरा, थांब जरा, असं अनिता वर न बघता म्हणत राहिली. शेवटी मुलगी माझ्याकडे आली. टेबलावर माझ्या निवृत्तीच्या कागदांचा ढीग होता, त्यावर रऊफभाईंनी नुकतीच एक नवी चिठ्ठी आणून ठेवली होती. मी तो सगळा ढीग बाजूला सारला, पुस्तक मध्ये घेतलं आणि तिला म्हणाले, पहिल्या पानापासून वाच, मला ऐकायचंय.

तिनं वाचलं. संध्याकाळी दार लावायची वेळ झाली, तेव्हा आमचं अर्धं पुस्तक झालं होतं आणि अनिताची माहिती अजून भरून व्हायची होती.